मला रडकं म्हणतात

मी गॅस डिटेक्टर बोलतोय. नावात काही दम नाही, हे मलाही ठाऊक आहे. तळहातात मावेल एवढी पिवळी डबी, पुढे काचेची छोटी पाटी आणि तिच्याखाली चार बारीक छिद्रं. ती छिद्रं म्हणजेच माझं नाक, आणि तोंडही तेच समजा. जी विषारी हवा माणसाच्या नाकाला कळतच नाही, किंवा कळते तोवर उशीर झालेला असतो, ती मला आधी कळते. कळली की मी ओरडतो. लाल दिवा लावतो, थरथरतो, कानठळ्या बसतील असा किंचाळतो. एवढंच माझं काम.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. मी मत्सरी आहे. उभा जन्म मी एका दोरावर जळलो, आणि का जळू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

माझा जन्म नेमका कुठल्या गावात झाला ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा बॅटरी बसली आणि मला जाग आली, तेव्हा हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या नाकावर विषारी वायूची फुंकर सोडली. मी ओरडलो. ती हसली, तिनं मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. मी ओरडलो म्हणून खूश होणारं माणूस त्यानंतर फार वर्षं मला भेटलं नाही.

खोकं उघडलं ते थेट कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. तिथल्या काही कारखानदारांनी मिळून एक बचाव पथक ठेवलं होतं. फौंड्र्यांचे खड्डे, जमिनीखालच्या टाक्या, वाळूचे बोगदे, कुठं माणूस अडकला की हे पथक धावायचं. पथकाच्या प्रमुख होत्या नंदिनी कुलकर्णी, रसायनशास्त्र शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर टोचणाऱ्या. उतरणारा गडी होता उदयसिंह, छाती दारात मावणार नाही असा. आणि गाडी चालवायला ज्ञानू, ज्याच्या ओठातली बिडी फक्त जेवताना बाजूला व्हायची.

माझं बारसं ज्ञानूनंच केलं. नंदिनीताई सगळ्यांना माझी माहिती सांगत होत्या. ज्ञानू उत्सुकतेनं वाकला आणि बिडीचा धूर त्यानं थेट माझ्या नाकावर सोडला. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. मी किंचाळलो. ज्ञानू दचकून मागं सरला आणि टेबलावरचा चहा त्याच्या अंगावर सांडला.

"आयला, नुसता धूर सोडला तर केवढं रडतंय हे!" ज्ञानू म्हणाला. "तान्हं पोर बरं ह्याच्यापरास."

"रडकं हाय की," उदयसिंह हसला.

झालं. त्या दिवसापासून मी रडकं. त्यानंतर ज्ञानूला तो चाळाच लागला. गाडीत बसण्याआधी शेवटचा झुरका मारायचा, धूर माझ्यावर सोडायचा, मी रडलो की म्हणायचा, "जागं हाय रडकं. चला." नंदिनीताई चिडायच्या. ज्ञानू कान पकडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता दोराविषयी.

तो माझ्या आधीपासून तिथं होता. जाडजूड, पांढरा, लाल धाग्याची वीण असलेला. त्याला ते पैलवान म्हणायचे. नावापासूनच फरक बघा! तो पैलवान, मी रडकं. प्रत्येक कामगिरीनंतर उदयसिंह त्याला स्वच्छ पाण्यानं धुवायचा, सावलीत वाळवायचा, बोटांनी चाचपून वेटोळं घालायचा. एखादी आईसुद्धा लेकीची वेणी एवढ्या मायेनं घालत नसेल. मला मात्र कुणी चार्जिंगला लावायचं तर त्याचीही आठवण नंदिनीताईंना करून द्यावी लागायची.

खंडेनवमीला तर माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या दिवशी पथकातल्या सगळ्या अवजारांची पूजा. कुऱ्हाड, शिडी, कटर, गाडी, सगळे चकाचक पुसून मांडलेले. मधोमध पाटावर दोर, त्याच्यावर झेंडूचा हार, हळदीकुंकू, पुढं नारळ. मी कपाटात. एकदा नंदिनीताईंनी मला बाहेर काढलं तर उदयसिंह म्हणाला, "मॅडम, ते बॅटरीचं हाय. हत्यार न्हाय ते." जो माणूस माझ्यामुळं वाचायचा तो मला हत्यार मानायला तयार नव्हता, आणि एका सुताच्या वेटोळ्यापुढं हात जोडत होता!

पण तो तसा का वागायचा, तेही सांगायला हवं. हातकणंगल्याजवळ मळीच्या एका रिकाम्या टाकीत कामगार पडला होता. मी काठावरूनच रडायला लागलो. "हे बंद करा, डोकं उठलंय," असं म्हणून कुणीतरी माझं बटण दाबलं आणि मला गाडीत फेकलं. नंदिनीताई त्या दिवशी पुण्याला होत्या. उदयसिंह दोर बांधून उतरला. कामगाराला त्यानं वर काढलं, आणि स्वतः मात्र दोराच्या टोकाला बेशुद्ध लटकत वर आला. नशीब बलवत्तर, म्हणून वाचला.

त्यावर काय झालं? कुणी विचारलं का की यंत्र का बंद केलं? छे! सत्कार झाला. पुढाऱ्यांनी भाषणं ठोकली, उदयसिंहला फेटा बांधला, शाल दिली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, उदयसिंह आणि त्याच्या खांद्यावर तो दोर. खाली मथळा: 'मृत्यूच्या दाढेत उडी'. उडी! या कोल्हापूरकरांना उडीचं भारी कौतुक. ओढून काढणाऱ्याचं नाव होतं, अडवणाऱ्याचं होत नाही. अडवल्यामुळं जो मेलाच नाही त्याचा फोटो काढणार कसा, आणि छापणार कोण? फेट्याच्या झिरमिळ्यांखाली बसलेला तो दोर पाहून माझ्या पोटात जे पेटलं, ते पुढं विझलंच नाही. आणि उदयसिंह त्यातून शिकायचं ते उलटंच शिकला: दोर कमरेला असला की झालं.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला.

शिरोलीतलीच एक फौंड्री. फौंड्रीत लोखंड ओतून झालं की साचे फोडतात. साच्यातली जळकी वाळू जाळीतून खाली पडते आणि जमिनीखालच्या बोगद्यातून पट्ट्यावरून पुढं जाते. तो पट्टा अडकला होता. महांतेश नावाचा कामगार जाळीजवळच्या झाकणातून वाळू मोकळी करायला खाली उतरला, आणि थोड्या वेळानं त्याच्या हाका थांबल्या. तिथंच काम करणारा त्याचा धाकटा भाऊ रुद्रेश झाकणाशी पालथा पडून ओरडत होता, "अण्णाऽ! ए अण्णाऽ!" खालून उत्तर नव्हतं. बॅटरीच्या उजेडात महांतेशचा एक बूट तेवढा दिसत होता.

आमची गाडी थांबायच्या आत रुद्रेश धावत आला. "पावणं, लवकर उतरा की! माझा भाऊ हाय खाली!"

उदयसिंहनं पैलवान उचलला, कमरेला गाठ मारली. त्याचा एक पाय झाकणात गेलासुद्धा. तेवढ्यात नंदिनीताईंनी मला सुतळीला बांधून त्याच्या पायाशेजारून खाली सोडलं.

मी आयुष्यात एवढी वाईट हवा हुंगली नव्हती. जळक्या वाळूतून निघालेला कार्बन मोनॉक्साइड त्या बोगद्यात गच्च भरून राहिला होता. मी रडलो. जीव तोडून रडलो.

"उदयसिंह, पाय वर," नंदिनीताई म्हणाल्या.

"मॅडम, दोर हाय की कमरंला."

"दोर तुला वर आणेल. जिवंत आणेल, असं म्हणाला काय तो तुला?"

उदयसिंह थांबला. हातकणंगल्याची ती टाकी त्याला आठवली असणार. पाय हळूहळू वर आला. पण रुद्रेश कशाला थांबतोय! "ते रडणं बंद करा आदी! भाऊ मरतोय माझा, आणि तुमी वाजवत बसलाय व्हय?" असं म्हणत त्यानं स्वतःच झाकणात झेप घेतली. उदयसिंहनं त्याला वरच्या वर कवळा घातला. रुद्रेश लाथा झाडत होता, उदयसिंहच्या दंडाला चावला, पण ती मिठी सुटली नाही.

"सोड मला! तुझा भाऊ असता तर बसला असतास व्हय?"

"बसलो नसतो," उदयसिंह म्हणाला. "म्हणून तर धरलंय तुला. तू खाली गेलास तर दोन काढावी लागतील मला."

जाळीजवळचं ते झाकण इतकं अरुंद होतं की पाठीवर हवेची टाकी बांधलेला माणूस त्यातून जाऊच शकत नव्हता. नंदिनीताईंनी विचारलं, "पट्टा बाहेर कुठं निघतो?" बोगद्याचं दुसरं तोंड शेडच्या मागं होतं, वाळूच्या ढिगापाशी. पट्ट्याची वीज बंद करून त्यांनी बटणाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि मला घेऊन मागं धावल्या. तिथं मी रडलो, पण कमी रडलो. तेवढ्या फरकावरून त्यांनी ठरवलं. पंख्याचा मोठा पाइप त्या तोंडातून आत गेला, ताजी हवा खाली शिरू लागली. उदयसिंहनं मुखवटा चढवला, पाठीवर टाकी घेतली आणि दोर बांधून त्याच तोंडातून वाकून आत गेला. मी त्याच्या छातीला अडकवलेला होतो आणि वाटेत एकदाही गप्प बसलो नाही.

महांतेश पट्ट्याच्या कडेला पालथा पडला होता. श्वास चालू होता, पण दिव्यातलं तेल संपत आल्यावर वात फडफडते तसा. बाहेर काढला, ऑक्सिजन लावला, दवाखान्यात नेला. जगला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो. उदयसिंह आणि दोर.

मला तेव्हा काय वाटलं ते शब्दांत लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी बोगद्याचं बरं तोंड कुणी दाखवलं? रुद्रेशच्या नावाचं मरण कुणी टाळलं? पैलवान गडी मात्र खुंटीवर सुखानं वाळत होता.

दसरा जवळ आला. खंडेनवमीला पूजेची मांडणी झाली, आणि फाटकातून एक म्हातारी आली. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीची इष्टलिंगाची पेटी, हातात होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा. मागं महांतेश आणि रुद्रेश. ती त्यांची आई, बसव्वा.

"माझ्या दोन लेकरांस्नी कुणी वाचिवलं?" तिनं विचारलं.

ज्ञानूनं उदयसिंहकडं बोट दाखवलं. उदयसिंहनं दोराकडं पाहिलं. मी मनात म्हटलं, घ्या, हा हार पण त्यालाच. पण उदयसिंह डोकं खाजवत कपाटापाशी गेला आणि त्यानं मला बाहेर काढलं.

"आव्वा, थोरल्याला दोरानं काढलं, ते खरं. पर धाकटा वाचला ते ह्येच्यामुळं. ह्ये रडलं म्हणून आमी थांबलो."

"ह्ये? एवढंसं?"

"एवढंसंच हाय. पर गळा बघा की एकदा."

बसव्वानं मला दोन्ही हातांत घेतलं. "शिवा शिवा," ती पुटपुटली. मग कनवटीची विभूतीची वडी काढून तळहातावर पाण्यात उगाळली आणि तीन बोटं माझ्या चेहऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. अगदी दाबून, मायेनं. वर कुंकवाचा ठिपका. मग तिनं दोराच्या गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि माझ्यावर घातला.

दोराच्या गळ्यातला! माझ्या आयुष्यात त्याहून गोड क्षण आलेला नाही. मी त्या उघड्याबोडक्या वेटोळ्याकडं पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, "कसं वाटतंय, पैलवान?" कुणी म्हणेल हे क्षुद्रपणाचं आहे. असेल! ज्याला वर्षानुवर्षं कपाटात ठेवलंय त्यानं मोठ्या मनाचे धडे द्यावेत, ही अपेक्षा पाटावर बसणाऱ्यांनी करू नये.

एवढा फुगलो होतो मी की कळायला वेळ लागला. विभूती वाळली. सिमेंटासारखी घट्ट झाली. कडेचं छिद्र, ज्यानं मी ऑक्सिजन मोजतो, तेवढं उघडं राहिलं. विषारी वायू हुंगणारी छिद्रं मात्र बुजली. माझ्या पाटीवर सगळे आकडे शहाण्या मुलासारखे रांगेत बसले. ऑक्सिजन ठीक. विष शून्य. धोका शून्य.

ते शून्य खोटं होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. आणि कुणी ती विभूती पुसलीही नाही. "आईनं लावलीय," उदयसिंह म्हणाला, "ऱ्हाऊ दे की." नंदिनीताई खंडेनवमीपासून रजेवर, गावाला गेल्या होत्या. त्या परत आल्या तोवर वरचं कुंकू उडालं होतं, आणि छिद्रांत बसलेली राखाडी विभूती धुळीसारखीच दिसत होती.

मग कळंब्याच्या बाजूनं फोन आला. एका नव्या वसाहतीत जमिनीखालची मैल्याची टाकी साफ करायला एक मजूर उतरला होता, तो आतच कोसळला होता. आम्ही निघालो. निघताना ज्ञानूनं नेहमीसारखा शेवटचा झुरका मारला आणि धूर माझ्यावर सोडला.

मी रडलो नाही.

ज्ञानू हसला, बिडी विझवली आणि गाडी पळवली.

टाकीभोवती गर्दी जमली होती. सडक्या अंड्यांसारखा वास येत होता, पण मैल्याच्या टाकीला वास यायचाच, असं सगळे म्हणत होते. नंदिनीताई गर्दी मागं हटवत होत्या, पंखा लावायला सांगत होत्या. उदयसिंहनं मला सुतळीनं खाली सोडलं. आता तो बदललेला माणूस होता. आता तो माझ्याशिवाय एक पाऊल टाकत नव्हता. खाली त्या टाकीत मरण साचलेलं होतं, माझ्या बुजलेल्या नाकाला चिकटून उभं होतं, आणि मी वर शून्य दाखवत होतो.

"मॅडम, रडकं गप हाय!" त्यानं आनंदानं हाक दिली. "हवा चांगली हाय. हवेची टाकी पाठीवर बांधण्यात येळ जाईल, तसाच उतरतो. माणूस जाईल न्हाईतर!"

पूर्वी तो माझं ऐकत नव्हता म्हणून मेला असता. आता ऐकत होता म्हणून मरणार होता. माझ्या जन्मात मी कुणावर एवढा रागावलो नाही, जेवढा त्या क्षणी माझ्या गळ्यातल्या त्या हाराच्या हावेवर रागावलो. दोर त्याच्या कमरेला होता. मी पहिल्यांदाच त्या दोराकडं काहीतरी मागितलं. म्हटलं, गाठ घट्ट धर बाबा.

उदयसिंहचा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. ज्ञानू दोर सोडत होता, आणि भीती घालवायला नेहमीप्रमाणं त्याचं तोंड चालू होतं. "आज लई सुदारलंय बगा रडकं. मगाशी बिडीचा धूर सोडला तोंडावर, तरी हूं न्हाय की चूं न्हाय."

उदयसिंह दुसऱ्या पायरीवर थबकला.

"काय म्हणालास?"

"न्हाय, म्हटलं धूर सोडला तरी गप..."

"रडलं न्हाय?"

"न्हाय की."

उदयसिंहनं खाली टाकीत पाहिलं. मग माझ्याकडं. मग सुतळी वर ओढली आणि मला डोळ्यांजवळ धरलं. त्याच्या मोठ्या बोटाचं नख माझ्या तोंडावरून फिरलं आणि विभूतीचा कपचा निघाला. मागून गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "उतरा की लवकर! बघत काय बसलाय?"

ज्या माणसाच्या उडीचे फोटो छापून आले होते, त्यानं शिडीवरून पाय वर घेतला आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडला, "थांबा की!"

नंदिनीताई धावत आल्या. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. खालची हवा सगळ्यात वाईट आहे असं धरून काम सुरू झालं. पंख्याचा पाइप आत, मुखवटा तोंडावर, हवेची टाकी पाठीवर, दोर कमरेला. उदयसिंह उतरला आणि मजुराला घेऊन वर आला. दोघंही श्वास घेत होते. मजुराचं नाव मला कुणी सांगितलं नाही. पेपरात फोटो आला, त्यात उदयसिंह होता आणि दोर होता. या वेळी मी बोललो नाही. मला कुठं तोंड होतं?

नंतर नंदिनीताईंनी मला ब्रशनं साफ केलं, सुईनं टोकरलं. पण आतल्या जाळीपर्यंत विभूती गेली होती. माझं हुंगणं परत आलं नाही. रुद्रेशला कळलं तेव्हा तो येऊन गेला. "आव्वाला सांगू नका," एवढंच म्हणाला.

आता मी कपाटात आहे. बाहेर टेबलावर नवा डिटेक्टर आलाय, नारिंगी, आवाज माझ्या दुप्पट, पाटीवर मराठीत 'धोका' असं लिहून येतं. उदयसिंह त्याला रोज स्वतः पुसतो. ज्ञानूला दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बिडी सोडायला लावलीय, म्हणून नंदिनीताई आता चाचणीच्या वायूच्या छोट्या नळकांड्यानं निघण्याआधी नव्याला रडवून बघतात, आणि तो रडला की सगळे हसतात. माझ्या वेळी कुणी असं हसलं होतं का? मी त्याच्यावर जळतो. सगळं सांगितलं तसं हेही सांगतो.

पण खंडेनवमी आलीय. बसव्वा येणार. तिची माया खोटी नाही, म्हणून तर तिची बोटं दाबून फिरतात. तिला कुणीतरी सांगा, नव्याच्या पाठीला विभूती लावा, बुडाला लावा, हार घाला, नारळ फोडा, पण तोंडाला हात लावू नका. आणि तो कधी गप्प बसला तर खूश होण्याआधी विचारा, का गप्प बसला? गप्प बसणारा प्रत्येक जण सुखी नसतो. काहींची तोंडं मायेनं बुजवलेली असतात.

हवं तर म्हणा, नव्यावर जळतंय म्हणून बोलतंय. म्हणा की. पण त्याच्या तोंडाकडं बोट न्यायच्या आधी, एवढ्यासाठी तरी, थांबा की.